डायलिसिसवरच्या तान्ह्या बाळाचं वजन कसं वाढवावं?

घरी पोटाचं डायलिसिस (किडनी काम करत नाही म्हणून नळीने पोटात पाणी भरून, त्यावाटे रक्तातली घाण बाहेर काढणं) चालू असलं की आईवडिलांचा जीव पिशव्या, नळी आणि जंतुसंसर्ग यांतच अडकतो. साहजिकच आहे. पण पहिल्या दोन वर्षांतली वाढ मुख्यतः आहारावर होते, आणि तेव्हा मागे राहिलेली उंची पुढे भरून निघणं कठीण. शिवाय किडनी प्रत्यारोपणासाठी बाळ बहुतेक ठिकाणी साधारण १० किलोचं व्हावं लागतं.

१. आधी मोजा. नुसत्या वजनावर विसंबू नका. अंगात पाणी साठलं तरी काटा वर जातो. डायलिसिसचं पाणी पोटातून काढल्यावर, ठरल्या वेळी, उघड्या अंगाने वजन करा. दवाखान्यात दर महिन्याला बाळाला आडवं ठेवून लांबी आणि डोक्याचा घेर मोजून घ्या. वजन चढतंय पण लांबी अडलीय, तर सूज आहे का ते विचारा.

२. दुधाचा हिशेब समजून घ्या. समजा बाळ आठ महिन्यांचं, ६ किलोचं आहे. किलोमागे ८० कॅलरी धरल्या तर दिवसाला ४८० हव्यात. पावडरच्या दुधात १०० मिलीला सुमारे ६७ कॅलरी असतात, म्हणजे ७०० मिलीहून जास्त दूध लागेल. डॉक्टरांनी ५०० मिलीचीच मुभा दिली असेल तर? मग दूध १०० मिलीला ९६ कॅलरी इतकं दाट करावं लागतं. ते आहारतज्ज्ञ टप्प्याटप्प्याने करतात. घरी अंदाजाने चमचा वाढवला तर आजारी किडनीला बाहेर टाकता न येणारं पोटॅशियम, फॉस्फरसही वाढतं आणि जुलाब लागतात ते वेगळेच.

‘किडनीला प्रोटीन वाईट’ हा मोठ्यांचा सल्ला इथे लावू नका. पोटातल्या पाण्यासोबत प्रथिनं वाहून जातात, म्हणून या बाळाला किलोमागे दिवसाला साधारण दीड ग्रॅम लागतात.

३. दूध कुठलं? आईचं मिळत असेल तर तेच. गाईच्या दुधात फॉस्फरस त्याच्या सुमारे सहापट असतं, म्हशीच्या दुधात आणखी जास्त. पावडर कुठली, ते आहारतज्ज्ञच सांगतील.

४. मीठ. आजीला हे पटवणं अवघड जातं, पण डायलिसिसमधून सोडियम निघून जातं आणि ते कमी पडलं तर वाढ खुंटते. त्यामुळे अनेक बाळांना डॉक्टर मीठ मोजून द्यायला सांगतात. ‘लो सोडियम’ मीठ मात्र नको, त्यात पोटॅशियम असतं.

५. वरचं अन्न. सहा महिन्यांनंतर तांदळाचं खिमट, वर तूप. शहाळ्याचं पाणी, केळं आणि नाचणीसत्त्व विचारल्याशिवाय देऊ नका. बाळगुटी बंदच.

६. पीतच नसेल तर. या बाळांना भूक कमी असते, उलट्याही होतात. पोटात डायलिसिसचं पाणी भरलेलं असताना दूध राहणार तरी कुठे? नाकातून नळी घालायची म्हटली की घर हादरतं, पण माझ्या मते ती लांबवण्यात नुकसान जास्त. रात्रभर पंपाने थेंबथेंब दूध गेलं तर ते अंगी लागतं. नळी असली तरी दिवसा बोटाने काही चाटवत राहा, नाहीतर पुढे मूल तोंडाने खायला तयार होत नाही.

रक्ताचा रिपोर्ट बिघडला की ‘थोडं कमी पाजा’ असं सुचवलं जाईल. तेव्हा आधी विचारा: डायलिसिस वाढवता येईल का? उलट्या-जुलाब सुरू झाले तर त्याच दिवशी फोन करा, कारण पाणी आणि मीठ दोन्हीचा हिशेब काही तासांत बदलतो.