कॅम्पसवरच्या फेअर ट्रेड स्टॉलची तयारी

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्टुडंट सेंटरमध्ये फेअर ट्रेडचा, म्हणजे कारागिरांना रास्त मोबदला देऊन घेतलेल्या वस्तूंचा, स्टॉल लावायचा असेल तर दोन कामं सप्टेंबरातच उरकून टाका, जागेचं बुकिंग आणि मालाची ऑर्डर. नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग उलटल्यावर मोक्याची जागा मिळत नाही आणि चांगला मालही संपलेला असतो. हाताने होणाऱ्या वस्तू नाताळ जवळ आला म्हणून आठवड्याभरात दुप्पट निघत नाहीत. अमेरिकेतल्या कॉलेजांना हे काही नवं राहिलेलं नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ऑशकॉश कॅम्पसने तर २००८ मध्येच स्वतःला फेअर ट्रेड विद्यापीठ म्हणून जाहीर केलं. पण स्टॉल लावणाऱ्या विद्यार्थ्यांच्या क्लबात दरवर्षी नवी मुलं येतात आणि घोडं दरवर्षी त्याच ठिकाणी अडतं.

माल कुणाकडून घ्यायचा हे ठरवताना पुरवठादार फेअर ट्रेड फेडरेशनचा (उत्तर अमेरिकेतल्या अशा व्यापाऱ्यांच्या संघटनेचा) सदस्य आहे का, किंवा वस्तू बनवणाऱ्या संस्थेला डब्ल्यूएफटीओची (जागतिक फेअर ट्रेड संघटनेची) हमी आहे का, एवढं पाहा. कॉफी-चॉकलेटच्या पाकिटावरचा ओळखीचा फेअरट्रेड शिक्का मुख्यतः शेतमालासाठी असतो, तो लाकडी जिराफावर शोधत बसू नका. काही पुरवठादार शाळा-कॉलेजांना माल जांगड देतात. विकेल त्याचे पैसे द्यायचे, उरेल ते परत. तसा घेणार असाल तर तीन गोष्टी ईमेलवर लिहून घ्या: परतीचं भाडं कोण भरणार, फुटतूट कुणाच्या माथी, आणि हिशेबाची शेवटची तारीख कोणती.

मग क्लबची बैठक बोलवा आणि पैशाचं एकदा नीट बोलून घ्या. डब्ल्यूएफटीओच्या नियमांप्रमाणे हस्तकलेच्या ऑर्डरवर कारागिरांनी मागितली तर किमान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची असते, म्हणजे कच्च्या मालासाठी सावकाराच्या दारात जावं लागत नाही. आणि मालाचे पैसे आयातदाराने दिलेले असतात. थोडक्यात, टोपली तुमच्या टेबलावर येते तेव्हा ती विणणारीची मजुरी बहुधा चुकती झालेली असते. तुमच्या विक्रीने तिला मिळते ती पुढची ऑर्डर. म्हणून ‘सगळे पैसे कारागिरांना’ अशी पाटी रंगवू नका. टोपली पंचवीस डॉलरांना विकली तर त्यात जहाजभाडं आहे, गोदाम आहे, आयातदाराच्या माणसांचे पगार आहेत. क्लब वरचे काही ठेवणार असेल तर ते कशासाठी, हेही पाटीवर येऊ द्या. लोकांना खरं सांगितलेलं चालतं.

वस्तू निवडताना हात आखडता घ्या. विद्यार्थी पाच ते वीस डॉलरांची वस्तू चटकन उचलतो. कानातली, झाडाला टांगायची खेळणी, छोटी पाकिटं हमखास जातात. मोठ्या वस्तू दोन-तीनच ठेवा, त्या मुख्यतः प्राध्यापक मंडळींसाठी. कपडे माझ्या मते नकोतच, मापांच्या भानगडीत परतीचा ढीग होतो. मुंबईच्या बायकांचं काम ठेवायची हौस असेल (आपल्या भारतीय मुलांना असतेच) तर अंधेरीच्या क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्सच्या किंवा इलिनॉयमधून विकल्या जाणाऱ्या मार्केटप्लेस हँडवर्क ऑफ इंडियाच्या पिशव्या, ओढण्या पाहा. टेबलामागे देशी चेहरा दिसला की गिऱ्हाईक घानाच्या टोपलीकडे बोट दाखवूनही “हे तुमच्या गावचं का?” विचारतं. हसून नकाशा दाखवा. नकाशा न्यायचाच आहे, यादीत घाला.

खोकी आली की त्याच दिवशी उघडा. बिल हातात घेऊन एकेक नग मोजा, फुटलेल्याचा फोटो काढून लगेच कळवा.

आता बोल्गा टोपल्यांबद्दल, कारण त्यांना वेळ लागतो. उत्तर घानातल्या बोल्गाटांगा भागातल्या या टोपल्या गवताच्या चिरलेल्या काड्या पिळून विणतात. जहाजात जागा वाचावी म्हणून त्या चेपून, एकात एक दाबून पाठवलेल्या असतात. खोक्यातून निघते ती टोपली नसतेच, वाकडातिकडा पापड असतो. तो तसाच टेबलावर मांडला तर कुणी ढुंकून बघणार नाही. बादलीत पाणी घ्या, विणीचा भाग काही मिनिटं बुडवा, पण मुठीवरचं चामडं कोरडं ठेवा. गवत नरम पडलं की आतून दोन्ही तळव्यांनी पोट बाहेर दाबा, बूड जमिनीवर घट्ट टेकवा, कड बोटांनी गोल करत जा. मग सावलीत, वारं लागेल अशा ठिकाणी वाळू द्या. आत दमट राहिली तर बुरशी धरते. हे काम विक्रीच्या दोन-तीन दिवस आधीच व्हायला हवं, आणि त्यासाठी हॉस्टेलची बाथरूम पुरत नाही.

केनियातल्या टबाका गावचा किसी दगड मऊ असतो, म्हणूनच तो कोरता येतो, आणि म्हणूनच त्याचे टवकेही उडतात. या दगडाच्या वस्तू टेबलाच्या मध्यावर ठेवा, कडेला नकोत. हैतीची पत्र्याची शिल्पं तेलाच्या जुन्या पिंपांतून छिन्नी-हातोड्याने कापलेली असतात. ती भिंतीला लागतात, तेव्हा मागे उभं करायला जाळी किंवा बोर्ड मागून घ्या. किमतीच्या चिठ्ठ्या दोऱ्याने बांधा. चिकटवलेली चिठ्ठी गवतावरून निघते, डिंक राहतो.

माहितीच्या कार्डावर पुरवठादाराने दिलंय तेवढंच लिहा. पदरची करुण कहाणी जोडू नका आणि पाटीवर रडका चेहरा लावू नका. १९४६ मध्ये एडना रूथ बायलर प्वेर्तो रिकोच्या बायकांचं भरतकाम अमेरिकेत आणून ओळखीपाळखीत, गाडीच्या डिकीतून विकू लागल्या. त्यातूनच पुढे टेन थाउजंड व्हिलेजेस हे फेअर ट्रेड दुकानांचं जाळं उभं राहिलं. दयेपोटी माणूस एकदा घेतो. टोपली भाजीला चांगली आहे म्हणून घेतलेला पुढच्या वर्षी बहिणीसाठी दुसरी नेतो. तेव्हा टेबलावरच्या मुलांना टोपली किती वजन पेलते आणि दगडी वाटी डिशवॉशरमध्ये का घालायची नाही, हे आधी पाठ करायला लावा.

विक्रीकर लागतो का, हे प्रत्येक राज्यात वेगळं, त्यामुळे कॉलेजच्या हिशेब खात्याला विचारून उत्तर लेखी घ्या. कार्ड मशीन आदल्या रात्री चार्ज करा. गल्ल्यात एक आणि पाचच्या सुट्ट्या नोटा भरपूर असू द्या. शिवाय पावतीबुक, कात्री, सुतळी, चिकटपट्टी, जुनी वर्तमानपत्रं. टेबलावर एका वेळी दोघं, जेवणाच्या सुट्टीत तिघं. कुणाचा पेपर कधी आहे हे पाहूनच पाळ्या लावा.

शेवटच्या दिवशी ‘अर्ध्या किमतीत’ ओरडायचा मोह होतो. माल जांगड असेल तर पुरवठादाराला न विचारता किंमत पाडता येत नाही. उरलेलं मोजा, आलेल्या यादीशी ताळा जुळवा, मूळ खोक्यांतच भरा (म्हणून ती फेकायची नाहीत) आणि सुट्टीवर जाण्याआधी पैसे भरून टाका. काय गेलं, काय पडून राहिलं, आणि गिऱ्हाइकांनी काय मागितलं जे आपल्याकडे नव्हतं, याची पानभर नोंद पुरवठादाराला पाठवा. एक प्रत क्लबच्या फाइलीत लावा.