मिनेसोटात पोरंबाळं घेऊन तळ्याकाठचं वर्ष कसं लावायचं

मिनेसोटात नवीन आलेल्या आपल्या लोकांचं पहिल्या उन्हाळ्यात एक ठरलेलं असतं. गाडीच्या नंबरप्लेटवर १०,००० तळी असं लिहिलेलं बघून (खरा आकडा १० एकरांच्या वरची तळी मोजली तर ११,८४२ आहे) दर वीकेंडला वेगळं तळं गाठायचं, फोटो काढायचे, पुढच्या शनिवारी दुसरं. सप्टेंबर येईपर्यंत पोरांना एकाही तळ्याचं नाव धड सांगता येत नाही आणि आईबाप दमलेले. माझं म्हणणं साधं आहे, घरापासून १५-२० मिनिटांवरचं एकच तळं धरा, बाराही महिने तिथेच जा, आणि घरातले जे काही टप्पे असतील, बाळाचं बोरन्हाण, पहिली सायकल, आजी-आजोबांची पहिली अमेरिकावारी, ते त्या तळ्याच्या त्या त्या महिन्याला बांधून टाका. लांबच्या ट्रिपा वर्षाला दोन पुरे.

तळं निवडताना सुंदर कुठलं हे बघू नका, सगळीच सुंदर आहेत. बघायचं काय तर टॉयलेट आहे का, पार्किंग किती लांब आहे, उथळ वाळूचा बीच आहे का, आणि मासे धरायला फिशिंग पिअर आहे का, म्हणजे कठडा असलेला लाकडी धक्का जिथे चार वर्षांचं पोर सोडलं तरी काळजाचा ठोका चुकत नाही. मिनिआपोलिसमध्ये राहत असाल तर हॅरिएट नाहीतर नोकोमिस. प्लिमथवाल्यांना मेडिसिन लेकवरचं फ्रेंच पार्क, ईडन प्रेअरीत ब्रायंट लेक, ईगनकडे लेबनन हिल्स. मिनेटोंका मोठं आहे, श्रीमंतांच्या बोटी बघायला छान, पण लहान पोरांसाठी माझी पहिली पसंती नाही, पसारा फार.

मार्च-एप्रिल

पाडव्याला गुढी उभारताना मागच्या अंगणात अजून बर्फाचे ढीग असतात आणि तळं तर गोठलेलंच असतं. इथे खरं नवं वर्ष सुरू होतं ते आईस-आउटला, म्हणजे तळ्यावरचा बर्फ पूर्ण जातो त्या दिवशी. मिनेटोंकाचा साधारण एप्रिलच्या मध्याला जातो, पण २०१८ साली ५ मे उजाडला होता. घरात एक कागद फ्रिजला लावा, प्रत्येकाने आपली तारीख लिहायची, आजी-आजोबांनी व्हॉट्सॅपवरून कळवायची, जिंकेल त्याच्या आवडीचं जेवण. एवढ्या एका गोष्टीने पोरं रोज शाळेतून येताना तळ्याकडे बघायला लागतात. फक्त या दिवसांत बर्फावर पाऊलही ठेवायचं नाही, करडा दिसायला लागला की तो आतून पोखरलेला असतो, काल माणसं चालत होती म्हणून आज चालेल असं नाही.

सायकल शिकवायची तर एप्रिल-मे. हॅरिएटला सायकलींसाठी वेगळी आणि एकाच दिशेची वाट आहे, साधारण ३ मैलांची फेरी, समोरून कोणी अंगावर येत नाही. ट्रेनिंग व्हील्स काढलेल्या वर्षी एक पूर्ण फेरी हे ध्येय ठेवा, मध्ये थांबत थांबत झाली तरी चालते.

एक गोष्ट मात्र आधीच्या हिवाळ्यातच उरकून ठेवायची, ती म्हणजे स्विमिंग लेसन्स. लोक जूनमध्ये जागे होतात, तेव्हा क्लास भरलेले असतात. नोव्हेंबर ते मार्च इनडोअर पूलमध्ये पोरं तशीही कंटाळलेली असतात, तेव्हाच घाला. आणि पोहता येतं म्हणून मे महिन्यात पाण्यात उतरवू नका, हवा ८० फॅरनहाइट असली तरी पाणी नुकतंच बर्फातून सुटलेलं असतं, अंगाला असा झटका बसतो की पट्टीचा पोहणाराही श्वास हरवतो.

पहिला मासा

हा टप्पा मला सगळ्यात आवडतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. वॉलाय या इथल्या लाडक्या माशाचा सीझन मे महिन्यात उघडतो, बऱ्याचदा मदर्स डेच्या वीकेंडला, आणि त्या वीकेंडला मिनेसोटात राहणाऱ्या आयांना लायसन्स लागत नाही, तेव्हा घरच्या आईचाच पहिला नंबर लावा. १५ वर्षांपर्यंतच्या इथल्या पोरांना तर वर्षभर लायसन्स लागत नाही. जूनमध्ये एक टेक-अ-किड-फिशिंग वीकेंड असतो, तेव्हा पोरांबरोबर असलेल्या इथल्या मोठ्यांनाही माफ. तारखा डीएनआरच्या, म्हणजे राज्याच्या निसर्गसंपत्ती खात्याच्या, साइटवर बघून घ्या.

पण वॉलायच्या मागे लागू नका. पोराला पहिला मासा सनफिशच हवा, छोटा आणि चपटा. जूनमध्ये ते अंडी घालायला काठाजवळ येतात, उथळ पाण्यात ताटलीएवढे गोल खळगे दिसतात, त्यावर नर राखण करत फिरत असतो. सगळ्यात स्वस्त छोटा रॉड, छोटा गळ, त्यावर गांडुळाचा बोटाच्या पेराएवढाच तुकडा (अख्खं लावलं तर नुसतं कुरतडून पळतो), दोन-तीन फूट वर पाण्यावर तरंगणारा लाल-पांढरा बॉबर. बॉबर थरथरला की पोर लगेच ओढतं, त्याला सांगायचं, थांब, पूर्ण बुडू दे. बुडाला की मनगटाचा हलकासा झटका, बास. मासा वर आला की आधी हात ओला करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडला तरी तो जगेलच असं नाही. पाठीवर काटे असतात म्हणून तळहात डोक्याकडून शेपटीकडे सरकवत न्यायचा, काटे आपोआप मिटतात, मग घट्ट पण न दाबता धरायचं आणि गळ ज्या वाटेने गेला त्याच वाटेने उलटा काढायचा. खोल गिळला असेल तर ओढाताण करू नका, दोरा तोंडाजवळ कापा. आमच्याकडे हे सगळं चालू असताना आजी मागून म्हणणार, "अहो, आधी फोटो काढा, मग सोडा त्याला," पण फोटोसाठी मासा अर्धा मिनिट पाण्याबाहेर राहतो तेवढाच, पोझेस नकोत.

खायचे असतील तर हाताएवढे सनफिश खवले काढून, मीठ-हळद-तिखट-कोकम लावून रव्यात घोळवून तळा, कोकणी माणसाला इथे एवढं समाधान दुसऱ्या कशाने मिळत नाही. कुठल्या तळ्यात किती ठेवता येतात ते नियमात बघा, तळ्यागणिक फरक असतो. मोठे वॉलाय आणि नॉर्दर्न पाइक पोरांना आणि गरोदर बाईला वरचेवर देऊ नका, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो.

आजी-आजोबा येतात तेव्हा

मेच्या शेवटी ते ऑगस्ट हा त्यांचा खरा काळ. मुलं एप्रिलची तिकिटं स्वस्त पडली म्हणून काढतात आणि मग सहा आठवडे आई-बाबा खिडकीत बसून बर्फ वितळायची वाट बघतात. असं करू नका. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, संध्याकाळचं जेवण डब्यात भरून थेट तळ्यावर, थालीपीठ, दही, केळी, फोल्डिंग खुर्च्या. आजोबा बाकावर, नातू पिअरवर, दोघांचं बरं जमतं.

आजोबांना गळ टाकायचा असेल तर त्यांना लायसन्स लागतं, ते पाहुणे असल्यामुळे वर सांगितलेल्या सवलती त्यांना नाहीत. नॉन-रेसिडेंटचं २४ तासांचं, ७२ तासांचं, आठवड्याचं मिळतं, ऑनलाइन पाच मिनिटांत होतं. बोटीत बसवायचं असेल तर पॉन्टून भाड्याने घ्या, कनू (वल्ह्याची अरुंद होडी) नाही. पॉन्टून म्हणजे कठडा आणि छत असलेली सपाट बोट, साडी नेसून चढता येतं, चहाचा थर्मास ठेवायला जागा, गुडघे दुखणाऱ्यांना सोफ्यासारख्या सीट. १० वर्षांखालच्या पोरांनी चालत्या बोटीत लाइफ जॅकेट घातलेलंच पाहिजे असा इथला कायदा आहे, आणि मोठ्यांसाठीही माणशी एक बोटीत हवं. मी म्हणतो सगळ्यांनी घाला, आजोबा "मी कृष्णेत पोहलोय" म्हणाले तरी.

या दिवसांतले त्रास पटकन. डास आहेतच, संध्याकाळी फुल बाह्या. गवतातून आलात की पोरांच्या कानामागे, काखेत, गुडघ्यामागे टिक (गोचीड) बघा, तिच्यामुळे लाइम हा आजार इथे खरोखर होतो. पाण्यातून बाहेर आल्या आल्या टॉवेलने खसखसून पुसा, नाहीतर अंगाला पुरळ उठतं, त्याला स्विमर्स इच म्हणतात, साधारण आठवड्याभरात जातं. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी हिरवं, पेंट सांडल्यासारखं दिसलं तर कोणीच उतरायचं नाही, कुत्रासुद्धा नाही.

लांबची ट्रिप

वर्षातली एक ट्रिप इटास्काला करा. १८९१ साली झालेलं मिनेसोटातलं सगळ्यात जुनं स्टेट पार्क, मिनिआपोलिसहून साडेतीन-चार तास, आणि मिसिसिपी नदी तिथल्या तळ्यातून निघते. मेक्सिकोच्या आखातापर्यंत दोन हजारांहून जास्त मैल जाणारी नदी तिथे एवढीशी असते की दगडांवरून उड्या मारत ओलांडायची. आपल्याकडे महाबळेश्वरला कृष्णेचा उगम बघायला नेतात ना, तेच. पोराने कोणाचा हात न धरता दगडांवरून पलीकडे जाणं हा टप्पा म्हणून ठेवा, दगड निसरडे असतात, पडलं तरी पाणी गुडघाभर, वॉटर शूज घाला आणि कोरडे कपडे गाडीत नाही तर पाठीवर ठेवा कारण पार्किंगपासून थोडं चालावं लागतं. स्टेट पार्कचा गाडीचा पास दिवसाचाही मिळतो आणि वर्षाचाही, आणि वर्ष घेतलेल्या महिन्यापासून मोजतात. कॅम्पिंगचं बुकिंग १२० दिवस आधी उघडतं, उन्हाळ्यातल्या शनिवारसाठी त्याच दिवशी सकाळी बसायचं. सरपण घरून नेऊ नका, किडे पसरतात म्हणून बंदी आहे, तिथेच विकत घ्या.

दुसरी ट्रिप केबिनची, ब्रेनर्ड किंवा पार्क रॅपिड्सकडे. उन्हाळ्यात बरीच रिसॉर्ट्स शनिवार ते शनिवार आठवडाच देतात, म्हणून दोन-तीन कुटुंबांनी मिळून घ्या. कुकर घरून न्या. बाउंड्री वॉटर्सचं, म्हणजे उत्तरेकडच्या रानातल्या तळ्यांचं, नाव ऐकून लगेच धावू नका, तिथे परमिट, होडी आणि सामान उचलून एका तळ्यावरून दुसऱ्यावर चालणं, पोरं आठ-दहाची झाली की बघू.

गणपती, कोजागिरी

बऱ्याच शाळा लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आसपास सुरू होतात आणि गणपती साधारण तेव्हाच येतात. विसर्जन तळ्यात करायचं नाही, शाडूची मूर्ती असली तरी नाही. घरी बादलीत करा, माती विरघळली की कुंडीत, पोरं रोज डोकावून बघतात कितपत विरघळली ते. तळ्यावर आरतीनंतरची खिरापत घेऊन जायला कोणी अडवत नाही.

पानांचे रंग वर लेक सुपीरियरच्या नॉर्थ शोअरला सप्टेंबरच्या शेवटी, इकडे मिनिआपोलिसच्या आसपास ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. कोजागिरीला थर्मासमध्ये मसाला दूध, जॅकेटं, आणि आपलंच तळं. पार्क किती वाजता बंद होतं ते आधी बघा, बाराला चंद्राला नैवेद्य दाखवायचा हट्ट घरच्या डेकवर पुरा करता येतो.

बर्फ

डिसेंबरमध्ये साडेचारला सूर्य मावळतो, आणि इथेच बहुतेक घरं एप्रिलपर्यंत पडदे ओढून घेतात. खरं तर पोरांना गोठलेलं तळं उन्हाळ्याहून जास्त आवडतं. डीएनआरचा हिशोब असा: ४ इंचांखाली बर्फावर जायचंच नाही, चालायला किमान ४ इंच स्वच्छ नवा बर्फ, स्नोमोबाइलला ५ ते ७, छोट्या गाडीला ९-१०, आणि पांढरा दुधी बर्फ असेल तर सगळे आकडे दुप्पट. जाड बर्फ म्हणजे सुरक्षित बर्फ असंही नाही, ओढा मिळतो तिथे, पुलाखाली, झरे असतात तिथे तो पातळच राहतो. स्वतः ऑगरने (बर्फाचं गिरमिट) भोक पाडून मोजा, दर १५० फुटांवर पुन्हा. एवढं जमत नसेल तर जिथे खूप लोकल लोक बसलेत तिथे त्यांना विचारा, फार गप्पिष्ट असतात, मोजपट्टी दाखवतात. पहिल्या वेळी मिल लॅक्स या मोठ्या तळ्यावर फिश हाउस, म्हणजे बर्फावरची मासे धरायची खोपटी, भाड्याने घेणं उत्तम, रस्ता आणि बर्फ तेच सांभाळतात, आत हीटर असतो, फक्त कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना ते बघा. बर्फ मधेच गडगडतो, लांबून ढोल वाजल्यासारखा, पोरं घाबरतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

संक्रांतीला बोरन्हाण असेल तर सकाळी घरी उरका. बोरं मिळाली नाहीत तर कुरमुरे, हलवा, गोळ्या चालतात. दुपारी सगळ्यांनी तळ्यावर पतंग उडवायचे. झाड नाही, तार नाही, सलग वारा, असं मैदान पुण्यात शोधून सापडणार नाही. नायलॉनचा पतंग, साधा दोरा, मांजा अजिबात नको. बाळाला आतून लोकर, वर स्नोसूट, पण कारसीटमध्ये जाड स्नोसूट घालून पट्टे लावू नका, ते सैल राहतात, तिथे पोचून चढवा. वाऱ्यासकट तापमान ० फॅरनहाइटच्या खाली असेल तर लहानांना न्यायचंच नाही, हा माझा नियम, आणि गालावर पांढरा डाग दिसला की लगेच गाडीत. तिळगूळ आधी खिशात आतल्या बाजूला ठेवा, बाहेर राहिला तर दात पडेल इतका घट्ट होतो.

उन्हाळ्याच्या केबिनचं बुकिंग याच जानेवारीत करायचं, मार्चपर्यंत चांगले आठवडे उरत नाहीत, आणि फिशिंगचं वर्षाचं लायसन्स फेब्रुवारीच्या शेवटी संपतं, १ मार्चपासून नवीन काढा.