काढा, चूर्ण आणि रोजची गोळी : या चुका टाळा

नाशिकची थंडी वाढू लागली की घरोघरी काढे उकळतात, मेथीचे लाडू वळले जातात आणि त्र्यंबकेश्वराहून आणलेली एखादी मुळी दुधातून घेतली जाते. त्यात वावगे काही नाही. मात्र घरातील ज्येष्ठांना रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड किंवा हृदयविकाराच्या गोळ्या चालू असतील, तर काही चुका महागात पडू शकतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे "आणखी काय चालू आहे?" असे डॉक्टरांनी विचारल्यावर फक्त गोळ्यांची नावे सांगणे. काढा किंवा चूर्ण आपल्याला औषध वाटत नाही, घरातलेच वाटते. शरीर हा भेद करत नाही. गोळीतील द्रव्य असो वा मुळीतील, त्याचे विघटन बहुधा यकृतातील त्याच विकरांना (एन्झाइम्सना) करावे लागते. मिरी आणि पिंपळी यांतील पायपरीन या विकरांचे काम मंदावते, त्यामुळे फेनिटॉइन (आकडीसाठी), प्रोप्रॅनोलॉल (रक्तदाबासाठी), थिओफिलिन (दम्यासाठी) यांसारख्या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. आमटीतल्या चिमूटभर मिरीची काळजी नको. रोज चमचाभर त्रिकटू चूर्ण (सुंठ, मिरी आणि पिंपळी यांचे) घेणे ही वेगळी गोष्ट आहे. याच्या उलटही घडते. फेनिटॉइनने आकडी आटोक्यात असलेल्या रुग्णांनी शंखपुष्पीचे औषध सुरू केल्यावर पुन्हा झटके येऊ लागल्याची नोंद मुंबईतील संशोधकांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केली होती. स्मरणशक्तीसाठी म्हणून हे औषध किती सहज आणले जाते, हे लक्षात घेतले म्हणजे या नोंदीचे महत्त्व कळते.

ज्येष्ठमधाविषयी मी आग्रहाने सांगेन. घसा बसला म्हणून दोन दिवस एखादी कांडी चघळणे निराळे आणि महिनोन्‌महिने काढा घेणे निराळे. त्यातील ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ व पाणी साठते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. लघवी वाढवणारी गोळी आधीच चालू असेल तर ही घट दुणावते आणि डिगॉक्सिन ही हृदयविकाराची गोळी घेणाऱ्याच्या हृदयाची लय बिघडू शकते. रक्तदाब अचानक आवरेनासा झाला, पाय गळून गेल्यासारखे वाटू लागले, तर गोळी वाढवून मागण्याआधी काढ्यात काय आहे ते पाहावे.

सकाळी कारल्याचा रस किंवा जांभळाच्या बियांची पूड आणि त्यावर ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेतल्यास साखर अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हातांना कंप, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसताच साखर मोजावी. ती ७० च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून देऊन १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी.

वॉरफरीनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांनी लसणाच्या किंवा हळदीच्या कॅप्सूल मनाने सुरू करू नयेत. हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर निळे डाग उठणे, काळी शौचास होणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर निदान दोन आठवडे आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना सर्व काही सांगावे.

इसबगोलाची अडचण साधी आहे : ते थायरॉईडच्या गोळीचे शोषण घटवते, म्हणून दोहोंत चार तासांचे अंतर ठेवावे.

काही बिघडल्याचा संशय आला की डॉक्टरांची गोळी परस्पर बंद करणे, ही दुसरी मोठी चूक. चूर्ण कोणत्या तारखेला सुरू केले ते लिहून काढावे आणि पुडी किंवा बाटलीच दवाखान्यात न्यावी. आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक या दोन्ही शाखांचे विद्यापीठ ज्या नाशिक शहरात आहे, तेथे वैद्यांना डॉक्टरांची आणि डॉक्टरांना वैद्यांची चिठ्ठी दाखवताना संकोच वाटू नये. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय मोफत दूरध्वनी क्रमांकावर रुग्णालाही करता येते.