पहिला शब्द की नुसती बडबड? बाळाचं बोलणं ओळखताना या चुका टाळा

सात-आठ महिन्यांचं बाळ पडवीत बसून 'मामामामा' करायला लागलं की मुंबईतल्या मामाला लगेच फोन जातो, आणि तोही खुशीत सांगतो, "माका हाक मारल्यान!" या आनंदाला कुणी हात लावू नये. पण त्या दिवसापासून 'आमचं बाळ बोलायला लागलं' असं धरून चालणं ही सगळ्यात मोठी चूक. कारण मग घरातली माणसं पुढे नीट कान देऊन ऐकत नाहीत.

मा, बा, दा हे उच्चार बाळाला सगळ्यात सोपे. दीड-दोन महिन्यांपासून हुंकार सुरू होतात आणि साधारण सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान बाबाबा, दादादा अशा माळा येतात. बाळ जिभेचा, ओठांचा सराव करतं, आपलाच आवाज ऐकतं आणि पुन्हा काढतं. आपली जवळची नाती नेमकी याच अक्षरांची, त्यामुळे ज्याला त्याला वाटतं की हाक आपल्यालाच. पहिला खरा शब्द बहुतेक मुलांत वर्षाच्या आसपास येतो. कुणाचा दहाव्या महिन्यात, कुणाचा पंधराव्या.

शब्द ओळखायचा तर तीन गोष्टी बघा. आवाज दर वेळी साधारण तोच हवा, तो त्याच माणसासाठी किंवा वस्तूसाठी हवा, आणि बाळाने तो आपणहून काढलेला हवा. बाबा खळ्यात आले, बाळाने वळून बघितलं आणि 'बा' म्हणालं. दुसऱ्या दिवशीही बाबांना बघून तेच म्हणालं, तर तो शब्द. पंख्याकडे बघत, झोप येताना 'बाबाबाबा' चाललंय, तर तो सराव. बाबा मुंबईला नोकरीला असतील तर आणखी एक गंमत तपासा. बाळ व्हिडिओ कॉलवर 'बा' म्हणतं, पण आत्याचा फोन आला तरी 'बा'च म्हणत असेल, तर त्याच्या लेखी 'बा' म्हणजे कदाचित तो मोबाइल. तोही शब्दच आहे, फक्त बाबांचा नाही.

स्पष्ट नाही म्हणून सोडून देऊ नका

ही उलटी चूक, आणि तितकीच वाईट. कुत्रा दिसला की 'भू', ताट दिसलं की 'मम्मं', चप्पल बघून 'भुर्र' हे सगळे शब्द धरायचे. अलिबागकडच्या घरात कोळणीची पाटी दारात उतरली की दर वेळी 'माव, माव' करणारं मूल म्हावऱ्याबद्दलच बोलतंय. उच्चार मोठ्यांसारखा असायची गरजच नाही. शेळीलाही 'भू' आणि रेड्यालाही 'भू' म्हणालं तरी काळजी नको. अर्थ हळूहळू नेमका होत जातो.

घरात मालवणी आणि बाहेर प्रमाण मराठी असेल तर दोन्हीकडचे शब्द मोजा. दोन बोली कानावर पडल्याने मूल उशिरा बोलत नाही. तरी कुणीतरी सल्ला देतं आणि आजी नातवाशी मालवणीत बोलायची थांबते, हे मला फार लागतं. आजी ज्या बोलीत मोकळेपणाने बोलते, तीच बाळाच्या कानावर पडू दे.

'म्हण बाबा, म्हण आजी'

पाहुण्यांसमोर ही परीक्षा नको. मागोमाग म्हटलेलं अनुकरण चांगलंच, पण ते शब्दांच्या हिशेबात धरायचं नाही. त्यापेक्षा भाकरीचा तुकडा हातात धरून थांबा, मनात पाचपर्यंत मोजा, बाळाला आवाज काढायला जागा द्या. ते समुद्राकडे बघत असेल तर 'होडी! होडी चालली' एवढंच म्हणा. वर्षाच्या आगेमागे काही मुलं चढउतार घेऊन, हातवारे करून लांबलचक 'भाषण' करतात. त्यात शब्द नसतात, तरी त्याला उत्तर द्या. संभाषणाची पाळी घ्यायला मूल त्यातूनच शिकतं.

'आवाज काढतंय म्हणजे ऐकतंय'

इथे मला थांबून सांगायचंय, कारण नुकसान इथे होतं. जन्मतः कमी ऐकू येणारं बाळही पहिले काही महिने हुंकार देतं, त्यामुळे घरात शंकाही येत नाही. फरक पुढे दिसतो: बाबाबा-दादादाच्या माळा फार उशिरा येतात. दहा महिने झाले तरी त्या नसतील तर कान तपासून घ्या. थाळी वाजवून बघणं ही तपासणी नव्हे. दणदणीत आवाजाला दचकणाऱ्या मुलालाही 'स', 'त', 'क' असे बारीक आवाज ऐकू येत नसतील. पावसाळ्यात सर्दी रेंगाळली तर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून काही काळ ऐकणं मंदावतं, तेही घरी कळत नाही.

ओएई आणि बेरा या बाळाला ऐकू येतं का हे यंत्राने बघायच्या तपासण्या. त्या दुखत नाहीत, बाळ झोपेत असताना होतात. तपासणी पहिल्या महिन्यात, दोष असेल तर निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचार सहाव्यापर्यंत सुरू, असा दंडक आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला, तोही आपल्याच किनाऱ्यावरच्या पालघरमधून. त्याची पथकं अंगणवाडीत येऊन मुलं तपासतात; ऐकण्यातले दोष आणि भाषेतला उशीर दोन्ही त्यांच्या यादीत आहेत. सेविकेला पथकाची तारीख विचारा. घर डोंगरात, वाडी लांब, म्हणून ही संधी चुकवू नका.

"बोलतलो तो, ह्येचो बापूस पण उशिराच बोललो," असं घरचे म्हणतील. देवळात गाऱ्हाणं जरूर घाला, पण तपासणीही त्याच आठवड्यात करा. जीभ हलकी व्हावी म्हणून वेखंड मधात उगाळून चाटवणं मात्र नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा असतो.

वर्ष झालं तरी बाळ बोट दाखवत नाही, हात हलवून टाटा करत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत 'आई ये', 'अजून दूध' असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही. यातलं एक जरी दिसलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. हातवारे न करता नुसतं 'चेंडू कुठाय?' विचारून बघा; मूल बोलत नसलं तरी समजतंय का, हे डॉक्टर आधी विचारतील. आणि येत असलेले शब्द किंवा खेळणं, हसणं मावळायला लागलं, तर वय कितीही असो, थांबू नका.

जाताना आठवणीवर विसंबू नका. भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या त्या तारखेला आवाज लिहा, समोर काय होतं ते लिहा, आधी कुणी म्हटलं होतं का तेही लिहा. मूल आपल्या नादात खेळत असतानाचा एक व्हिडिओ मोबाइलमध्ये ठेवा. दवाखान्यात अनोळखी माणसासमोर बहुतेक मुलं गप्प बसतात, तेव्हा तो फार उपयोगी पडतो.