लस टोचायला न्यायच्या आधी: कुत्र्या-मांजराच्या पिल्लांसाठी तयारीची यादी

सगळ्यात आधी पिल्लाची जन्मतारीख लिहून काढा. नेमकी माहीत नसेल तर डॉक्टर दात पाहून अंदाज देतात; तोही चालतो, पण लिहून ठेवा, कारण पुढचं वेळापत्रक वयावरच ठरतं. पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांचं असताना, मग दर दोन ते चार आठवड्यांनी एक, आणि शेवटचा १६ आठवडे पूर्ण झाल्यावर. ‘तीन डोस झाले की’ म्हणून बाराव्या आठवड्याला थांबणारे बरेच असतात आणि पार्व्हो (पिल्लांना उलट्या-हगवण लावून जीव घेणारा विषाणू) नेमका त्यांच्याच घरी पोचतो. आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडं पिल्लाला सांभाळतात, पण लशीतल्या विषाणूलाही तीच निकामी करतात. एकाच वेतातल्या एका पिल्लात ती आठव्या आठवड्याला ओसरतात, दुसऱ्यात चौदाव्या आठवड्यापर्यंत टिकतात, आणि वरून पाहून काहीच कळत नाही. त्यामुळे डोस किती झाले यापेक्षा शेवटचा डोस कितव्या आठवड्याला झाला हे विचारा. त्यानंतरचा बूस्टर सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं झाल्यावर. रेबीजची लस साधारण १२ आठवड्यांनंतर, वर्षाने पुन्हा, पुढे लशीच्या पत्रकाप्रमाणे आणि तुमच्या भागातल्या कायद्याप्रमाणे. कुत्र्याला लेप्टोस्पायरोसिसची लस द्यायची असेल तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि मग दरवर्षी एक, हे वेगळं नोंदवा.

जंतांचं औषध लसीच्या आठवडाभर आधी उरकून घ्या. गोचीड-पिसवांचं औषध मात्र लसीच्याच दिवशी लावू नका. दोन्ही एकदम दिलं आणि अंगावर गांधी उठल्या, तर दोष कशाचा ते सांगता येत नाही.

आदल्या दोन दिवसांत खाणंपिणं, शी, खोकला, नाक-डोळे यांवर लक्ष ठेवा. शंका आली तर गुदद्वारातून ताप मोजा: ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस नेहमीचं, त्यावर गेलं तर आधी फोन करा. तारीख थोडी पुढे गेली तर चालेल, तापात टोचलेली लस नको. चालू असलेल्या औषधांची नावं कागदावर लिहा, विशेषतः स्टिरॉइड. मादी गाभण असण्याची शक्यता असेल तर आधीच सांगा. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या विषाणूजन्य आजाराची जिवंत लस (जिच्यात कमजोर केलेला जिवंत विषाणू असतो) गाभण मांजरीला देत नाहीत, कारण तो विषाणू पोटातल्या पिल्लांच्या लहान मेंदूला, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या भागाला, इजा करतो आणि पिल्लं जन्मभर झोकांड्या खात चालतात.

मांजराचं कॅरिअर आदल्या रात्री माळ्यावरून काढलं तर सकाळी मांजर पलंगाखाली सापडेल. आठवडाभर आधीच दार उघडं टाकून खोलीत ठेवा, आत रोजच्या वापरातला टॉवेल घाला. वरूनही उघडणारं असेल तर उत्तम, ओढून बाहेर काढावं लागत नाही. कुत्र्याला आखूड पट्टा. चावण्याची सवय असेल तर घरीच सवय केलेली मुसकी. डोस पूर्ण न झालेलं पिल्लू कडेवर न्या आणि दवाखान्यात जमिनीवर सोडू नका, कारण पार्व्होचा विषाणू फरशीवर, मातीत महिनोन् महिने तग धरतो. वेळ सकाळची घ्या, म्हणजे काही झालंच तर दवाखाना उघडा असतो.

टेबलापाशी बाटली पाहायला मागण्यात संकोच कसला? जिवंत लशीच्या बहुधा दोन कुप्या असतात, एकीत कोरडी वडी, दुसरीत द्रव. दोन्ही २ ते ८ अंशांच्या फ्रिजमधून तुमच्यासमोर निघाव्यात, लगेच मिसळून लगेच टोचल्या जाव्यात. सकाळपासून मिसळून ठेवलेली लस नको. लस स्वतः नेत असाल तर कूल पॅक कापडात गुंडाळा. बर्फाला चिकटून गोठलेली मृत लस (मारलेल्या जंतूंपासून केलेली) वितळली तरी कामाची राहत नाही. कुत्रं लहान म्हणून अर्धा डोसही घेऊ नका. मात्रा वजनावर ठरत नाही. पुस्तिकेत कुपीचं स्टिकर, तारीख, सही आणि कुठे टोचली ते लिहून घ्या. मांजराला पायावर शक्य तितकं खाली किंवा शेपटीत टोचणं चांगलं: तिथे क्वचित होणारी कर्करोगाची गाठ कापून काढता येते, खांद्यांच्या मधोमध ते फार अवघड जातं.

टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. तोंड सुजणं, गांधी, पुन्हा पुन्हा उलटी, पांढरट हिरड्या, कोसळणं, यांतलं काहीही दिसलं तर लगेच आत. दिवसभराची मरगळ आणि कमी भूक नेहमीची. कणकण वाटते म्हणून घरातलं पॅरासिटामॉल मात्र कधीच देऊ नका. मांजराला एक गोळीही जीवघेणी ठरू शकते. शेवटच्या डोसनंतरही एक-दोन आठवडे अनोळखी कुत्र्यांपासून लांब ठेवा.

टोचल्या जागी छोटी गुठळी येते आणि काही आठवड्यांत जिरते. मांजराची गुठळी तीन महिन्यांनीही राहिली, दोन सेंटीमीटरपेक्षा मोठी झाली किंवा महिन्यानंतरही वाढत असेल, तर बाटलीच्या स्टिकरसह डॉक्टरांकडे जा आणि तुकडा तपासायला पाठवायला सांगा.