मेथडचं नाव बदललं आणि अ‍ॅस्पेक्ट गपचूप सुटला?

स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कमध्ये अ‍ॅस्पेक्ट म्हणजे मेथडच्या जोडीने आपोआप चालणारा जादा कोड, उदा. ऑडिट लॉग; तो कुठल्या मेथडवर चालेल हे पॉइंटकट ठरवतो. समजा, हा पॉइंटकट ‘सेव्ह’ने सुरू होणाऱ्या नावांवर बांधलेला आहे. कुणीतरी ‘सेव्हऑर्डर’चं ‘स्टोअरऑर्डर’ करतं. कोड कंपाइल होतो, टेस्टही पास होतात, फक्त ऑडिट लॉग बंद पडतो. साधी एररसुद्धा येत नाही, हा खरा वैताग.

त्यापेक्षा पॉइंटकट नावाऐवजी खुणेवर बांधा:

१. ‘ऑडिटेड’सारखं स्वतःचं अ‍ॅनोटेशन (कोडवर लावायची खूण) बनवा. त्याचं रिटेन्शन, म्हणजे ती खूण कुठवर टिकते ते, ‘रनटाइम’ ठेवा. जावात काहीच लिहिलं नाही तर ते ‘क्लास’ धरलं जातं, आणि मग स्प्रिंगला तुमची खूण दिसतच नाही. माझी अर्धी दुपार यातच गेली होती.
२. पॉइंटकटमधलं ‘एक्झिक्यूशन’ काढून ‘@अ‍ॅनोटेशन’ लिहा, कंसात पॅकेजसकट पूर्ण नाव.
३. हव्या त्या मेथडवर खूण लावा. आता नाव खुशाल बदला. शिवाय कोड वाचणाऱ्यालाही जागच्या जागी कळतं की इथे आणखी काहीतरी चालतंय.

एक सांभाळा: त्याच क्लासमधल्या दुसऱ्या मेथडने ही मेथड थेट बोलावली, तर कॉल प्रॉक्सीला (स्प्रिंगने मध्ये उभ्या केलेल्या मध्यस्थ ऑब्जेक्टला) टाळून जातो आणि अ‍ॅडव्हाइस, म्हणजे अ‍ॅस्पेक्टमधला तो जादा कोड, चालत नाही. अशी मेथड वेगळ्या बीनमध्ये (स्प्रिंग सांभाळतं अशा ऑब्जेक्टमध्ये) हलवा.