गुले वामकुलू समोर आलं तर

आफ्रिकेतल्या मालावीत लिलाँग्वे, डेडझा, सलिमा किंवा कासुंगूच्या बाजूला नोकरीनिमित्त राहत असाल, तर मक्याची कापणी झाल्यावर, साधारण जुलै ते ऑक्टोबरात, गाठ पडतेच. अंगाला राख किंवा चिखल फासलेला, चिंध्या गुंडाळलेला, तोंडावर मुखवटा नाहीतर पिसांचा टोप, हातात काठी, असा एकजण रस्त्याच्या कडेने येतो. पोरं किंचाळत पळतात आणि दहा पावलांवर जाऊन पुन्हा वळून बघतात. हा चेवा लोकांचा न्याउ, म्हणजे दीक्षा घेतलेल्यांच्या गुप्त मंडळातला मुखवटेवाला. नाचाचं नाव गुले वामकुलू, म्हणजे मोठा नाच. युनेस्कोने २००५ साली त्याला मानवजातीचा ठेवा म्हणून जाहीर केलं. झांबियाचा पूर्व भाग आणि मोझांबिकमध्येही तो आहे.

आत माणूस आहे, असं चारचौघांत म्हणायचं नाही. चेवांच्या लेखी तो चिरोम्बो, म्हणजे रानातलं जनावर, किंवा परत आलेला पूर्वज. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा पाहिलेल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. मुखवटा चढला की तो देवच. पायातल्या चपलांवरून तुमच्या बागेत काम करणारा माणूस ओळखला, तरी नावाने हाक मारू नका आणि दुसऱ्या दिवशी 'काल छान नाचलास' असंही म्हणू नका. आत कोण होतं हे उघडं करणं हा तिथे गंभीर अपराध आहे, आणि गोत्यात येतो तो बिचारा. तुम्ही परके म्हणून सुटता.

गाडीत असाल तर वेग कमी करा, काच थोडीच खाली ठेवा, हॉर्न वाजवू नका. घाबरून गाडी मागे घेणं ही नेहमीची चूक. पळणारी पोरं नेमकी गाडीच्या मागे लपलेली असतात. पैसे मागितले जातातच. कोकणात शिमग्याला गाडी अडवून पोस्त मागतात, तसंच धरा. त्यासाठी डॅशबोर्डच्या खणात पाचशे-हजार क्वाचाच्या दोन-तीन नोटा वेगळ्या ठेवा. पाकीट उघडलं की घासाघीस वाढते. सोबत मुखवटा नसलेला माणूस असेल तर नोट त्याच्या हातात द्या. उजव्या हाताने, आणि डावा हात उजव्या कोपराला लावून. 'झिकोमो', म्हणजे धन्यवाद, म्हणा आणि निघा. द्यायचं नसेल तर हसून मान हलवा. वाद घालू नका.

पायी असाल तर रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहा. पळालात की पाठलाग झालाच, कारण पळणाऱ्याला पळवणं हा खेळाचाच भाग आहे. काठीचा फटका सहसा पळणाऱ्यालाच बसतो. बाई एकटी असेल तर तिने जवळच्या बायकांच्या घोळक्यात मिसळावं. किती अंतर ठेवायचं ते त्यांना बरोबर कळतं. कुत्रा आधी फाटकाच्या आत घ्या.

न्याउंच्या मागोमाग मात्र जाऊ नका. उजाड शेतांच्या मध्येच दाट झाडीचा एखादा तुकडा दिसतो, ज्याला कुणी कुऱ्हाड लावलेली नसते. ते बहुधा स्मशान. त्याच्या आसपासच दाम्बवे, म्हणजे दीक्षा घेतलेल्यांची गुप्त जागा असते. तिकडे वळणारी पायवाट तुमची नव्हे. रस्त्यावर हिरव्या फांद्या टाकलेल्या दिसल्या तर जवळ मयत असण्याची शक्यता आहे (कधी नुसतीच बंद पडलेली गाडीही असते). गाणी बंद, गाडी अगदी हळू, पुरुषांनी टोपी काढायची.

गावात मुद्दाम बघायला जायचं असेल तर ओळखीच्या चेवा सहकाऱ्याबरोबर जा आणि आधी म्फुमूला, म्हणजे गावप्रमुखाला भेटा. दोन किलो साखर आणि अंगाचा साबण पुरे. बायकांनी कमरेला चितेंजे, म्हणजे तिथलं लुंगीसारखं कापड, गुंडाळावं, गुडघे झाकले जातील असं. ब्वालोत, म्हणजे नाचाच्या मैदानात, एका बाजूला बायका टाळ्या देत गातात, दुसऱ्या बाजूला ढोलवाले. त्यांच्यामधून एक वाट मोकळी सोडलेली असते. मोकळी दिसते म्हणून पाहुणे नेमके तिथेच उभे राहतात, आणि चिरोम्बो तिथूनच धावत येतो.

वेळ पाळली जाईल अशी आशा नको. ढोलाचं कातडं गवताच्या जाळावर धरून ताणतात, एक थाप मारून ऐकतात, मनासारखा आवाज नाही आला की पुन्हा जाळावर. तासभर सहज जातो. नाच सुरू झाला की बायका हसतील तिथे हसा. लाल तोंडाचा सिमोनी ही गोऱ्या साहेबाची टिंगल आहे, तिथे गंभीर राहणंच विचित्र दिसतं. कासियामालिरो आला की चित्र बदलतं. बांबूच्या सांगाड्यावर मक्याची सालपटं विणून केलेलं ते माणसापेक्षा मोठं हरीण गर्रकन फिरतं, आणि त्याला समोरचं फारसं दिसत नसावं असंच धरून चाला. चार-पाच पावलं मागे सरा.

फोटोची परवानगी म्फुमूकडून घ्या, आणि प्रत्येक वेळी 'न्दिंगाजाम्बुले?', म्हणजे फोटो काढू का, असं विचारा. रात्री, मयताच्या वेळी आणि दाम्बवेच्या दिशेने कॅमेरा नाही. ड्रोन तर मुळीच नाही. कुणी हात वर केला तर फोन खिशात. चिडलेच तर 'पेपानी', म्हणजे माफ करा, म्हणून त्यांच्यासमोर फोटो पुसून टाका.

निवांत बघायचं असेल तर डेडझाच्या डोंगरउतारापलीकडे मुआ मिशनमध्ये कुंगोनी केंद्र आहे. तिथल्या चामारे संग्रहालयात शेकडो मुखवटे नावानिशी मांडलेत, आणि आधी कळवलं तर नाचही ठरवता येतो. ऑगस्टच्या अखेरीस झांबियात कातेतेजवळ चेवांचा कुलाम्बा सोहळा भरतो. तिथे गर्दी आणि ऊन दोन्ही भरपूर, पाणी सोबत न्या. लहान मुलं असतील तर आधी चामारे दाखवा. भिंतीवर टांगलेला मुखवटा जवळून पाहिलेलं पोर रस्त्यावर तोच समोर आल्यावर दचकतं, पण हात सोडून पळत नाही.